टेकडीवरचे बारा महिने: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात टेकडीवर उन्हाळाभर झाडांना पाणी घालणाऱ्या लोकांबद्दल दोन पानं लिहिली होती, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी पुण्यातल्या एका टेकडीवर गेली चौदा वर्षं दर रविवारी जाते, वनस्पतीशास्त्र शिकलेले नाही, जे कळलं ते फॉरेस्टच्या गार्डकडून, आमच्यातल्या दोन जुन्या आजोबांकडून आणि जी रोपं जगली नाहीत त्यांच्याकडून कळलं. उत्तरं त्याच अनुभवातून देतेय.

आमच्या सोसायटीचा ग्रुप दरवर्षी ५ जूनला जवळच्या टेकडीवर २०० रोपं लावतो. यंदा मे महिन्यात जाऊन मोजली तर १४ जिवंत निघाली. माणसं चांगली आहेत, पैसेही जमतात, मग चुकतंय कुठे?
– एक वाचक, कोथरूड

काका, तुम्ही मे महिन्यात परत जाऊन मोजलीत हीच मोठी गोष्ट आहे, बहुतेक ग्रुप लावून येतात आणि पुढच्या जूनपर्यंत तिकडे फिरकत नाहीत.

पहिली अडचण तारखेची. ५ जून हा पर्यावरण दिन आहे, पण तेव्हा आपल्याकडे बऱ्याचदा पाऊस आलेलाच नसतो, आणि आला तरी पहिल्या दोन सरींनंतर आठ-दहा दिवस ओढ देतो आणि तेवढ्यात नर्सरीच्या सावलीत वाढलेलं रोप कातळावरच्या उन्हात करपून जातं. वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्न आणि शेतीमंत्री असताना सुरू झाला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो आणि आमच्या अनुभवात तीच वेळ बरोबर आहे. दोन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर खोल ओली झाली की मगच लावा. खड्डे मात्र एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा, दीड फूट लांब रुंद खोल, आणि उकरलेली माती उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी रचा म्हणजे वरून वाहत येणारं पाणी तिथे थांबतं.

दुसरी अडचण आकड्यांची, आणि इथेच सगळे फसतात. एका रोपाला दिवाळीपासून मृगापर्यंत आठवड्याला निदान १० लिटर पाणी लागतं असं धरा. २०० रोपं म्हणजे २००० लिटर, म्हणजे पाच लिटरचे ४०० कॅन, दर आठवड्याला, चढावर. तुमच्याकडे रविवारी वीस माणसं येत असतील (आणि मार्चमध्ये वीस येत नाहीत) तर प्रत्येकाला वीस खेपा. कोण करणार? ४० रोपं लावा. ४०० लिटर, ८० कॅन, वीस माणसांना चार-चार खेपा, हे जमतं. आणि ही चाळीस तीन वर्षं सांभाळायची, तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांतून एकदा पाणी दिलं तरी चालतं, मग पुढची चाळीस. आम्ही पहिली चार वर्षं तुमच्यासारखंच २००-३०० लावत होतो आणि टेकडीवर काहीच दिसत नव्हतं, चाळीसवर आलो तेव्हापासून आता सावलीत बसता येईल अशी झाडं झालीत.

अजून दोन गोष्टी. काळी पिशवी पूर्ण फाडून काढायची, आम्ही मेलेली रोपं उपटून बघितली तेव्हा कितीतरी रोपं पिशवीसकट पुरलेली निघाली, आणि ती लावणारे आपलेच लोक होते. आणि ऑगस्ट-सप्टेंबरला जा! या दोन महिन्यांत कोणी जात नाही कारण सगळं हिरवंगार असतं, वाटतं की आता काय काम, पण गवत कमरेइतकं होतं आणि रोप त्याच्याखाली दबून जातं, सापडत पण नाही. म्हणून लावतानाच शेजारी काठी रोवून तिला रंगीत चिंधी बांधायची. रोपाभोवती हातभर गवत खुरप्याने काढायचं आणि तेच कापलेलं गवत आळ्यात पसरायचं, त्याने ओल टिकते.

टेकडीवर सगळीकडे ग्लिरिसिडिया आहे. आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत, एक म्हणतो परदेशी झाड आहे सगळं तोडा, दुसरा म्हणतो झाड ते झाड. तुमचं मत?
– एक ताई, सहकारनगर

ताई, हा वाद आमच्याकडे पण झाला, चांगली माणसं दुखावली गेली त्यात.

ग्लिरिसिडिया म्हणजे गिरिपुष्प, उंदीरमारी पण म्हणतात, मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. पुण्याच्या उघड्या टेकड्यांवर वनखात्याने ते मोठ्या प्रमाणावर लावलं कारण कातळावर जगतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत आणि पटकन हिरवं दिसतं. त्या काळी तेवढंच हातात होतं असं मी मानते, लावणाऱ्यांना नावं ठेवत नाही. पण आज त्या दाट रानात शिरून बघा, खाली जवळपास काही उगवलेलं नसतं, शेंगा तडकून बी लांब उडतं आणि दरवर्षी ते पुढे सरकतं. शेजारीच एखादी सालई, मोई, धावडा नाहीतर पांगारा असेल त्याच्यापाशी दहा मिनिटं थांबा, किडे, पक्षी, खारी, सगळा राबता तिथे दिसेल. फेब्रुवारीत पांगारा फुलतो तेव्हा मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, कोतवाल एकाच झाडावर येतात, ग्लिरिसिडियाच्या गुलाबी फुलांवर तेवढी गर्दी मी तरी कधी पाहिली नाही.

म्हणून माझं मत, एकदम तोडायचं नाही पण तसंच राहू पण द्यायचं नाही. सगळं एकदम काढलं तर उतार उघडा पडेल, पहिल्याच पावसात माती खाली येईल आणि मोकळ्या जागेत घाणेरी आणि रानमोडी ही तणं घुसतील, मग ते काढणं त्याहून अवघड. आम्ही काय करतो, ग्लिरिसिडियाच्या विरळ सावलीत देशी रोप लावतो, बहावा, काळा कुडा, वारस, मेडशिंगी, आपटा, आणि रोप दोन-तीन वर्षांचं झालं की त्याच्या डोक्यावरच्या ग्लिरिसिडियाच्या फांद्या उतरवतो. तो पाला टाकून द्यायचा नाही, त्यात नत्र भरपूर असतं, कोकणात भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून शेतकरी तो वापरतातच, आपण रोपाच्या आळ्यात घालायचा. बुंधा पुन्हा फुटतो, पुन्हा छाटायचा. दहा-बारा वर्षांचं काम आहे.

आणि हे सगळं वनखात्याला सांगून, लेखी परवानगी घेऊन. टेकडी वनखात्याची असेल तर एक फांदी सुद्धा आपल्या मनाने तोडायची नाही, आणि खरं तर लावायचं पण नाही. गार्डला आधी भेटा, चहा घ्या बरोबर, त्याच्याकडे केवढं तरी क्षेत्र असतं आणि माणसं कमी, तुम्ही मनापासून आलात हे कळलं की तो मदत करतो.

फेब्रुवारीत आमच्या डोंगराला वणवा लागला, पाच वर्षांची झाडं दोन तासांत गेली. गावातले म्हातारे म्हणतात जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं. आम्ही पोरं काय करू शकतो?
– जुन्नर तालुक्यातून, तरुण मंडळाचे एक सदस्य

वाचून फार वाईट वाटलं रे. पाच वर्षं काय असतात ते मला माहितीये.

म्हाताऱ्यांचं अगदीच खोटं नाही, म्हणून त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. जाळल्यावर राखेतून कोवळी हिरवी पात लगेच दिसते, गुरं ती आवडीने खातात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय. पण वर्षाला वर्ष जाळत गेलं की काय होतं तेही त्यांनीच पाहिलेलं असतं, फक्त कोणी विचारत नाही. वरचा पालापाचोळा जळतो, जमीन उघडी पडते, जूनमधला पहिला मोठा पाऊस माती ओढ्यात नेतो. विचारा त्यांना की तुमच्या लहानपणी या डोंगरावर गवताची पहिली फूट गुडघ्याएवढी यायची का आणि आता केवढी येते. आमच्या टेकडीखालच्या गावात एका आजींनीच याचं उत्तर दिलं आणि त्यांच्या शब्दाने जे झालं ते आमच्या पत्रकांनी झालं नव्हतं.

आता काम. पुढच्या वर्षीच्या वणव्याची तयारी या वर्षी डिसेंबरमध्ये, गवत पिवळं पडलं की लगेच. जाळरेषा काढायची, म्हणजे रस्त्याच्या कडेने, पायवाटेच्या कडेने आणि तुमच्या लागवडीभोवती साधारण दहा फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा, गवत कापून, पाला झाडून. कापलेलं गवत गुरांसाठी ज्याला हवं त्याला द्या, यात दोन फायदे आहेत, गवत डोंगरावरून कमी होतं आणि गवत नेणारा माणूस मग आगीवर लक्ष ठेवतो. वनखातं काही ठिकाणी पट्टा जाळून जाळरेषा करतं, ते त्यांचं काम, आपण काडी ओढायची नाही.

आग लागलीच तर आधी फोन, वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६. मग माणसं. आग चढावर धावते हे कायम डोक्यात ठेवा, आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका, बाजूने आणि मागून या, हिरव्या फांद्यांनी किंवा ओल्या गोणपाटाने झोडपत. अंगात सुती कपडे, पायात बूट, नायलॉनचे टी-शर्ट नकोत, ते वितळून कातडीला चिकटतात. दुपारी वारा असेल आणि ज्वाळा डोक्यापेक्षा उंच असतील तर मागे फिरा. झाड परत लावता येतं. हे मी तुम्हाला मोठ्या बहिणीसारखं सांगतेय, ऐका. आणि विझली असं वाटल्यावर तासभर तिथेच थांबा, वाळलेल्या शेणाच्या गोवरीत आणि जुन्या खोडात निखारा राहतो.

जळालेल्या रोपांपाशी लगेच नवीन लावू नका. पळस, मोई, धावडा, बोर यांची मुळं जिवंत असली तर पावसाला बुंध्यातून फुटतात. जुलैपर्यंत वाट बघा, काही तरी परत मिळेल.

आमच्या गावच्या देवराईची मंडळाने दर महिन्याला स्वच्छता करायची ठरवलंय. पालापाचोळा काढून, पडलेली खोडं उचलून, वाटेला पेव्हर ब्लॉक आणि कडेने जास्वंद-शेवंती असा प्लॅन आहे. काही सूचना?
– एक वाचक, सावंतवाडी

भाऊ, तुमच्या मंडळाचा भाव चांगलाय, पण हा प्लॅन कृपा करून थांबवा. देवराईत स्वच्छता म्हणजे प्लास्टिक, बाटल्या, नैवेद्याचे द्रोण, नारळाच्या पिशव्या, एवढंच. पाला हा कचरा नव्हे, त्याच्यावरच ती राई उभी आहे. तो काढला की पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं थांबतं, आणि तुमच्याकडे कितीतरी गावांत झऱ्याचं, विहिरीचं पाणी राईच्या जिवावर असतं. पडलेलं खोड सडू द्या, त्यावर अळंब्या, भुंगे, सरडे सगळे येतात. उभं वाळलेलं झाड तर अजिबात पाडू नका, धनेशाला घरट्यासाठी मोठ्या जुन्या झाडाची ढोलीच लागते, मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर एका फटीतून महिनोन्‌महिने फळं भरवतो, ती ढोली गेली की ती जोडी पण गेली. गारंबीचे जाड वेल झाडाला 'त्रास देतात' म्हणून तोडतात काही जण, तेही नको.

देवाची राई म्हणून काडीही न उचलण्याचा नियम आपल्या जुन्या लोकांनी घालून दिला होता. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून त्यांची नोंद केली, तेव्हापासून अभ्यासकांना त्यांची किंमत कळायला लागली, गावाला ती आधीच माहीत होती. मंडळाला काम हवंच असेल तर हे करा, राईच्या कडेला जिथे तोड झालीय तिथे राईतलंच बी गोळा करून रोपं करा. आणि गुरवांना, मानकऱ्यांना विचारून झाडांची यादी लिहून काढा, मालवणी नावांसकट, ही नावं फार पटापट विसरली जातायत.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथल्या वस्तीच्या जंगलात स्वयंसेवक म्हणून जायला लागले तर हिवाळ्यात चक्क झाडं बुंध्यापासून कापायला लावतात! मला हात धजावत नाही. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, ब्रिस्टल

धजावू द्या, बरोबर आहे ते. हेझलची झाडं अशी कापायची तिथली शतकांची रीत आहे, कॉपिसिंग म्हणतात, बुंधा मरत नाही, वसंतात त्यातून सरळसोट फुटवे येतात आणि साधारण सात ते दहा वर्षांनी पुन्हा तो तुकडा कापतात. कापल्यामुळे जमिनीवर ऊन पोचतं, मग तिथे ब्लूबेल, प्रिमरोझ अशी रानफुलं उसळून येतात. हिवाळ्यातच का, तर झाड तेव्हा झोपलेलं असतं आणि मार्चपासून ऑगस्टपर्यंत पक्षी घरटी करतात, म्हणून फेब्रुवारी संपेपर्यंत काम आटपायचं.

तुमच्या प्रश्नाने मला एक जाणवलं, तिथे झाडाची झोप थंडीत आणि इथे आपल्या पानगळीच्या रानाची झोप उन्हाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये टेकडीवर आलेले लोक म्हणतात सगळं मेलंय, पण नीट बघितलं तर त्याच वेळी पळस, काटेसावर, गणेर बिनपानांचे फुललेले असतात. फक्त तिथलं कॅलेंडर इकडे लावू नका, आणि सुट्टीत आलात की आमच्याकडे या, पाणी घालायला.

शाळेत मुलांकडून ५००० सीड बॉल (आत बी घातलेले मातीचे गोळे) करून घेतले. माळावर टाकायचे आहेत. चालेल?
– एक शिक्षक, सांगली

सर, मुलांचा उत्साह मोडायचा नाही मला, पण माळावर टाकू नका. माळ ही रिकामी जागा नाही, कुसळी-पवन्या गवताचं ते स्वतःचं रान आहे, टिटवी, चंडोल, धाविक तिथे जमिनीवर अंडी घालतात, तिथे झाडं आली तर त्यांची जागा जाते. शिवाय उघड्यावर टाकलेल्या गोळ्यांतलं बी बरंचसं मुंग्या-उंदीर नेतात. त्यापेक्षा तेच बी शाळेतच पिशव्यांत लावा. जांभूळ-आंब्याचं बी खाल्ल्यावर लगेच लावायचं, वाळवून ठेवलं की मरतं. कडुनिंबाचं पण फार दिवस टिकत नाही. बहाव्याचं उलट, साल इतकी टणक की काचपेपरवर घासून रात्रभर पाण्यात भिजवल्याशिवाय रुजायला फार वेळ लावतं. मुलांना हे हाताने करू दे, पहिला अंकुर आलेल्या दिवशी वर्गात काय होतं ते मला कळवा.

साप? घरचे पोरांना पाठवत नाहीत.
– एक वाचक, चिंचवड

घरच्यांची भीती खरी आहे. घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्या टेकड्यांवर आहेत. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, दगड उचलताना आधी काठीने हलवायचा, गवतात हात घालायचा नाही, पावसाळ्यात खुरपणी मोठ्यांनीच करायची, मुलांना मोजणी आणि चिंध्या बांधायचं काम. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही, हलवायचं कमी आणि सरळ जिथे सापाच्या विषावरची लस आहे त्या हॉस्पिटलला. ते हॉस्पिटल कोणतं हे आजच विचारून ठेवा.

आमच्या गावाशेजारचं जंगल गावालाच सांभाळायला मिळू शकतं का? कायद्यात आहे का काही?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनहक्क म्हणून तरतूद आहे, दावा ग्रामसभेने करायचा असतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावची. पण तिथे कागद मिळायच्या कितीतरी वर्षं आधीपासून गाव एकत्र बसून एकमताने निर्णय घेत होतं, हे लक्षात ठेवा. जमलं तर चार जण मिळून एकदा जाऊन या.

सुरुवातीला आम्ही ४० जण होतो, आता पाच उरलोय. निराश व्हायला होतं. तुम्ही चौदा वर्षं कशी काढली?
– एक ताई, नाशिक

ताई, आम्ही पण एकदा चारवर आलो होतो, २०२० नंतर. तेव्हा एक केलं, प्रत्येकाला झाड वाटून दिलं. 'टेकडीला पाणी घालायला या' म्हटलं की लोक येत नाहीत, पण 'तुमच्या मेडशिंगीला दोन आठवडे पाणी नाही' असा मेसेज गेला की माणूस रविवारी कॅन घेऊन हजर. कोणाच्या वडिलांच्या नावाचं झाड, कोणाच्या नातवाचं. मग त्या माणसाला स्वतःहून कळायला लागतं की याला पानं कधी येतात, कुठली अळी लागते, कधी नुसतं उभं राहतं. एक काका बायको गेल्यावर यायला लागले, बोलायचे नाहीत कोणाशी, त्यांना वारसाचं एक झाड दिलं होतं. तीन वर्षं दोन कॅन घेऊन आले. चौथ्या वर्षी त्यांनीच नवीन आलेल्या मुलाला आळं कसं करायचं ते दाखवलं, आम्ही लांबून बघत होतो.

आणि काम कमी करा हो. पाच जण आहात ना, मग दहा झाडं धरा, त्यापेक्षा एक जास्त नको. ऑक्टोबरमध्ये आळी, डिसेंबरमध्ये जाळरेषा, मग पाणी. मधला एखादा रविवार नुसतं फिरायला ठेवा, खुरपं न घेता, डबे घेऊन. आमच्याकडे तो जानेवारीत असतो, त्या दिवशी कोणाला काही काम सांगायचं नाही असं ठरलंय, तरी दोन-तीन जण आपापल्या झाडापाशी जाऊन येतातच.

तुमच्या टेकडीवर मी डिसेंबरमध्ये येऊ शकते, जाळरेषेला. तारीख कळवा.